मोरीच्या तेलातलं विमान

मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, आणि विमानाला डावा आणि उजवा असे दोन वेगवेगळे पंख लागतात हे मला निवृत्तीनंतर कळलं.

तेही माझं मला कळलं नाही, बायकोनं सांगितलं. दोन्ही पंख बांधून, घासून, गुळगुळीत करून मी डायनिंग टेबलावर मांडले होते आणि चार पावलं मागे जाऊन स्वतःच्याच कारागिरीकडे कौतुकानं बघत होतो. तेवढ्यात सुमन भाताचं पातेलं घेऊन आली (ते ठेवायला टेबलावर जागा नव्हती, आम्ही कधीपासून जमिनीवरच जेवत होतो) आणि थबकली.

"अवो, हे दोनय डावेच कशे?"

"कायतरीच काय! एक उलटो करून लावचो."

"उलटो केल्यार तेचा पोट वर येतला!"

मी उलटा करून बघितला. पोट वर आलं. पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो, म्हणून तर विमान हवेत उचललं जातं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून पोरांच्या डोक्यात कोंबलं होतं. न आल्यास बाकावर उभं केलं होतं! त्या सगळ्या पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली आणि एक पंख मोडायला घेतला.

आता हे विमान माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगतो. ते मुळात आबाकाकांचं. आबाकाका म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ. मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होते. तरुणपणी हॅम्बुर्गच्या एका दुकानात त्यांनी रेडिओवर उडणारं विमान बघितलं आणि तसलंच एक सुटं, घरी बांधायचं, खोक्यातून घेऊन आले. आत हलक्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पातळ कागदाच्या गुंडाळ्या आणि चादरीएवढा नकाशा. सुट्टीवर आले की बांधू, असं म्हणत खोकं खाटेखाली सरकलं. मग लगीन जाऊंदे, मग घर जाऊंदे, मग चेडू (म्हणजे मुलगी) मोठा होऊंदे, असं होता होता काका म्हातारे झाले आणि खोकं खाटेखालीच राहिलं.

यंदा त्यांच्या मुलीनं, ज्योतीनं, त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. काकू गेल्यापासून ते एकटे, गुडघे बोलायला लागलेले. काकांनी कुरकुर केली नाही. फक्त एके दुपारी खोकं बगलेत घेऊन आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "वसंता, पुण्याक जाऊक माझी ना नाय. पन ह्या विमान एकदा उडलेला माका बघूक व्हया. एकदाच. मगे माका खंय नेवन ठेवा."

माणूस असं बोलल्यावर नाही कसं म्हणणार? कोणी हळवं झालं की मी कशालाही हो म्हणतो. (माझं लग्नसुद्धा असंच ठरलं. सुमनला हे माहीत आहे.)

नकाशा उघडला तर त्याचा एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. उरलेल्यात एकाच पंखाचं चित्र होतं. दुसरा आरशात दिसतो तसा फिरवून बांधायचा, ही सूचना बहुधा वाळवीच्या पोटात गेली. नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर पट्ट्या ठेवायच्या, डिंक वाळेपर्यंत टाचण्यांनी जखडून ठेवायच्या, असं हे काम. टाचण्या घरभर झाल्या. एकदा आबाकाका आमच्याकडे जेवायला होते. बांगड्याचं तिखलं चाललं होतं. काकांनी तोंडातून काहीतरी काढलं, उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाले, "सुमन, जल्मभर बांगडे खाल्लंय, पन टोपी घातलेलो काटो आजच बघतंय!"

त्या दिवशी सुमन माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजातून बोलली.

मूळ खोक्यातलं रेडिओचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं जड होतं आणि त्याची आतून माती झाली होती. तिथं आमचा शेजारी पास्कू धावून आला. त्याचा गोव्यातला भाचा असली विमानं उडवतो. त्यानं छोटी मोटर, बॅटरी आणि दोन दांड्यांचा नवा रिमोट पाठवला. फोनवरून शिकवणीही दिली. "सर, एकच लक्षात ठेवा. विमान तुमच्यापासून लांब जातंय तेव्हा डावं ते डावं. तुमच्याकडे येतंय तेव्हा डावं ते उजवं." मी कागदावर लिहून घेतलं. पास्कू बाजूला बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "मास्तर, स्थिर असलेल्या पंखाचा डावा-उजवा तुमका कळाक नाय. हलत्याचा कसा कळतला?"

असो. दुसरा पंख बांधला (उजवा!), लाल-पिवळा कागद चढवला, रोगण दिलं. खरं सांगतो, विमान दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं. अंगावर लाकूड थोडं, कागदच जास्त. एका हातात उचललं तर वजन जाणवत नव्हतं. रविवारी ज्योती गाडी घेऊन येणार, सकाळी उड्डाण, दुपारी काका पुण्याला, असा बेत पक्का झाला. शनिवारी सकाळी मी निर्धास्तपणे बाजारात गेलो आणि तिथंच सगळं फसलं.

परत आलो तर सुमन नाकाला पदर लावून दारात उभी. आत आबाकाका, हातात फडका, पुढ्यात एक जुना डबा आणि विमान नखशिखांत चकाकतंय!

"आबाकाका, ह्या काय केलास?"

"तेल दिलंय. मोरीचा."

मोरी म्हणजे शार्क. तिच्या यकृताचं तेल आमच्याकडे होडीच्या लाकडाला देतात, खारं पाणी मुरू नये म्हणून. त्या तेलाला वास आहे असं म्हणणं म्हणजे समुद्राला थोडं पाणी आहे म्हणण्यासारखं आहे. काकांचं सगळं घराणं होड्यांवर वाढलेलं. तेल दिल्याशिवाय लाकूड घराबाहेर काढायचं नसतं, हा त्यांचा धर्म.

"अवो, ही होडी नाय, विमान आसा!"

"लाकडाचाच मा? आनी उडतला खंय? समुद्रार! पडला तर बुडाक नको, म्हणान लावलंय."

म्हणजे ते पडणार याबद्दल काकांना काही शंका नव्हती.

कागद बदलायला वेळ नव्हता. साबणाच्या पाण्यानं पुसलं, तर वास पसरला. लिंबू चोळलं, तर विमान तळायला घेतल्यासारखं झालं. शेवटी सुमननं कंटाळून त्याच्यावर चंदनाची पावडर अर्धा डबा उपडी केली. संध्याकाळपर्यंत वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या खळ्यात जमली. कोणाचं कोण हेही कळेना. विमान माळ्यावर ठेवावं लागलं. पास्कू कुंपणावरून वास घेत म्हणाला, "उडतला काय नाय ता माका ठावक नाय, मास्तर. पन सोलकढी वांगडा बरा लागतला!"

रविवार उजाडला. सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ होती, वाळू फरसबंदीसारखी कडक. वाराही पडलेला. त्याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता. मी फक्त एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. त्याच वेळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. रापण म्हणजे समुद्रात लांबच लांब जाळं टाकून दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे खेचायचं. जाळं जवळ आलं की वर आभाळात कावळे, घारी, कुरव पक्षी यांची जत्रा भरते. आणि या जत्रेत मी मोरीचं तेल पाजलेलं विमान घेऊन निघालो होतो!

विमान बघून दोर धरलेली माणसंसुद्धा मान वळवून बघायला लागली. आबाकाकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. पण ते लगेच उठले, टोपी काढली, नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान जा काय विमान म्हणान बांदल्यान हा, तेच्यात काय डावा-उजवा झाला आसात, तर ता पायाखाली घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रापण ओरडली.

"ह्या लेकराक मास्तरकी सोडून दुसरा कायएक येणा नाय, ह्या तुका ठावक आसा! तरीपन तेच्या हाताक येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी सगळ्यात मोठा आवाज सुमनचा होता.

पास्कूनं विमान डोक्यावर धरलं, चार ढेंगा पळाला आणि सोडलं. आणि ते उडालं! देवाशपथ उडालं! भिरभिरत वर गेलं, लाल-पिवळे पंख उन्हात लखलखले. लोकांनी टाळ्या पिटल्या. काका खुर्चीतून अर्धे उठले. माझ्या छातीत असं काही भरून आलं की मी रिमोटची दांडी दाबायची विसरलो.

विमान वळलं आणि आमच्या दिशेनं यायला लागलं. आता डावं ते उजवं! की उजवं ते डावं? मी दोन्ही करून बघितलं. विमान सूर मारून थेट गर्दीत शिरलं. ज्योती (मोठ्या कंपनीत साहेब आहे) वाळूत पालथी पडली. एका बाईच्या डोक्यावरच्या पाटीला घासून ते पुन्हा वर उसळलं.

"मास्तरांनू, माका मारशात!" ती किंचाळली.

"उजवा! उजवा!" पास्कू ओरडला.

"खयचा उजवा? माझा काय तेचा?"

विमान समुद्राकडे सुटलं. तोवर वास वरपर्यंत पोचला होता. आधी दोन कावळे मागे लागले. मग दहा. आणि मग सुरूच्या झाडावरून ती उठली. पांढऱ्या पोटाची मोठी समुद्रघार, पाण्यातून भलाथोरला मासा लीलया उचलणारी. मी घाबरून मोटर बंद केली. विमान खाली कलायला लागलं, तेवढ्यात घारीनं झेप घेतली, पाठीत नखं रुतवली आणि विमान उचललं!

मी आबाकाकांकडे बघितलं. त्यांची नजर अधू झालेली. डोळ्यांवर हात धरून ते वर बघत होते. उन्हात त्यांना काय दिसत असेल? लाल-पिवळे पंख, नाही का? घार दिसली नसेल! क्षणार्धात माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. मी रिमोट छातीशी धरला आणि दांड्या फिरवायला लागलो. घार डावीकडे वळली, मी डावीकडे झुकलो. घार वर गेली, मी टाचा उचलल्या. घारीनं समुद्रावर असा डौलदार फेरा घेतला, इतका मोठा, इतका सावकाश, की मी बेशुद्धीतसुद्धा घेऊ शकलो नसतो. पास्कूला मी डोळा मारला. तो समजला आणि ओरडला, "वा मास्तर! काय वळाण! काय वळाण!" मग सगळी रापणच "वा मास्तर!" म्हणायला लागली.

काकांचे खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून मलाही हुंदका आला. आयुष्यात एकदा तरी कोणाची इच्छा पुरी केली, असं वाटलं आणि मी आणखी जोरानं दांड्या पिरगाळल्या.

शेवटी घारीनं चोच मारून बघितली असावी. चंदनाची पावडर तिला पसंत पडली नाही. तिनं विमान सोडलं, ते नेमकं रापणीच्या जाळ्यात पडलं आणि बांगड्यांबरोबर किनाऱ्याला लागलं. ते बुडालं नव्हतं, हे मान्य केलं पाहिजे. रापणवाल्यांनी मोडलेलं विमान आणि वाट्याचे चार बांगडे एकाच पानात बांधून काकांच्या हातात दिले.

दुपारी निघताना काकांनी तो सांगाडा मांडीवर घेतला. ज्योतीनं गाडीच्या चारही काचा खाली केल्या. मी खाली वाकून नमस्कार केला आणि स्वतःहून विषय काढला. (गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?)

"आबाकाका, बरा उडला मा? तुमी तर रडलास!"

"रडलंय खंय मरे! हसान हसान डोळ्यात पानी इला."

"म्हंजे?"

काकांनी माझा कान धरून जवळ ओढला. "मेल्या, माझो एक डोळो आधू आसा. दुसऱ्यान माका कावळ्याची चोचय दिसता!"

काकांनी माझ्या गालावर हलकेच थापट मारली. यावेळी त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हसण्याचं नव्हतं.

"उडला रे, बाबा. पयला तुझ्या हातान, मगे घारीच्या पायान. माका तेवढाच व्हया होता. आता मी सुखान जातंय."

गाडी हलली. दहा हातांवर जाऊन थांबली. खिडकीतून काकांचं डोकं बाहेर आलं.

"वसंता, पुढच्या येळेक रिमोट घारीकच दी रे!"