तळहाताला येणारा आवाज

मैलाशुद्धीकरण केंद्रात काम करणाऱ्या जाधवमामांनी मला एका पोलादी नळीपाशी नेलं. "यातून गाळ जातो. आवाजाच्या हादऱ्यांनी त्यातले जंतू फुटतात, मग पुढच्या टाकीत गॅस जास्त होतो."

मला काहीच ऐकू येईना. "मशीन बंद आहे का?"

"हा आवाज कानाला येत नाही, साहेब. हात लावा. आम्ही रोज असंच बघतो."

मी तळहात टेकवला. बारीक थरथर मनगटापर्यंत चढली.

वडील जाताना त्यांचे ओठ कितीतरी वेळ हलत होते. मी कान अगदी जवळ नेला; काही ऐकू आलं नाही, म्हणून उठून खिडकीपाशी गेलो. त्यांच्या छातीवर हात ठेवायचं सुचलंच नाही.

"चला," मामा म्हणाले. मला नळीवरचा हात काढवेना.