तोंड बांधून पळणाऱ्या बाया

माझी धाकटी बहीण लांब पल्ल्याच्या शर्यती पळायची. आमचं शेत ढोकीजवळ. ऊस तुटून गेला की मागं राहिलेलं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, पेटवून द्यायची आमच्या शिवारातली रीत आहे. त्या दिवसांत सकाळी रस्त्यावर धूर उतरलेला असे आणि ती त्यातूनच सराव करी. लहानपणापासून तिच्या छातीत शिट्टी वाजे. तरी लोक कौतुकानं म्हणत, "धुरात पळून पोरीची छाती घट्ट झालीया." आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ते पटलं होतं. घरात आम्हा सगळ्यांनाच पटलं होतं.

आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी ती दिल्लीला गेली. सरावाच्या पहिल्याच सकाळी तिचा फोन आला. दिल्लीच्या धुरकट हवेत परदेशी मुली मास्क लावून पळत होत्या.

"दादा, ह्या गोऱ्या बाया तोंड बांधून निघाल्यात. ऊस तोडायला चालल्यावानी."

"आणि तू?"

"मला कशाला? मी ढोकीची हाय."

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बारीक होता. त्यांच्यातल्या एकीनं तिला खोकताना पाहून आपल्याजवळचा जास्तीचा मास्क दिला होता.

"म्या लावला. पळताना शिट्टी वाजली न्हाय, दादा. म्हंजे आपल्याकडं ती धुरानंच वाजायची का?"

मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शर्यतीत ती बरीच मागं राहिली. घरी आल्यावर जेवताना आप्पांना म्हणाली, "यंदा पाचट जाळू नगा. सरीत कुजू द्या."

"उंदरं होत्यात त्यात."

"होऊ द्या की."

आप्पांनी घास तसाच ठेवला. मग म्हणाले, "बरं."

आमचं पाचट रानातच राहिलं. शेजारचे काका बांधावरून हसले, "दिल्लीचं शिक्षण व्हय हे? आता बैलांनाबी मास्क लावा."

"तुमच्यापासून सुरू करू, काका," ती म्हणाली. काकाही हसले.

पण धूर बांध ओळखत नाही. एका संध्याकाळी ती पळायला गेली असताना वारा पडला होता आणि पलीकडची रानं पेटलेली होती. रस्त्याच्या कडेला ती बसलेली सापडली. धाराशिवला नेताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच तिचा श्वास थांबला. कुणी पेटवलं होतं, ते आम्ही कुणाला विचारलं नाही. सगळेच पेटवतात.

तेराव्यानंतर शेजारचे काका आले.

"आप्पा, माझं एक रान राह्यलंय. मी न्हाय जाळत आता."

आप्पा आमच्या रानाकडं बघत होते. पाचटाखालून खोडव्याचे, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेले, हिरवे कोंब वर आले होते.

"जाळा," ते म्हणाले. "आता कुणासाठी ठेवता?"