आधी धाकटी

मंदाकाकूंनी मला सांभाळलं, हे आधी सांगते. काय झालं ते मागून. दिल्ली छावणीतल्या फौजी क्वार्टरांत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. काका सुभेदार, माझा नवरा साधा शिपाई. मी एकोणीस वर्षांची, नववीत शाळा सुटलेली, कडेवर आठ महिन्यांची पोर.

संध्याकाळी आम्ही मराठी बायका जिन्यापाशी बसायचो. तिथं बोलण्याचा मान वयानं आणि नवऱ्याच्या हुद्द्यानं ठरायचा. काकूंचं मात्र उलटं. भिशी असो नाहीतर कुणाचं भांडण, सगळ्यांत लहान असेल तिच्याकडे बघून म्हणायच्या, "आधी धाकटी. मोठ्यांनी तोंड उघडलं की लहानांचं पोटातच राहतं." सगळं ऐकून घ्यायच्या आणि पुष्कळदा सरळ सांगायच्या, "चूक आहे तुझं. पण बोललीस ते बरं केलंस." एकजण हसून म्हणाली होती, अशानं तुम्ही उद्या पाळण्यातलीलाही विचाराल. काकू म्हणाल्या, "बिल्कुल विचारीन. रडून सांगतेच की ती."

माझी पोर कुकरच्या शिट्टीला दचकायची नाही. सासूबाई फोनवर म्हणायच्या, आमच्याकडची पोरं असतातच अशी. शेजारणी म्हणायच्या, शांत पोर मिळाली, नशीब समज. नवरा सीमेवर. आणि मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. शाळा सुटताना नाही, लग्न ठरताना नाही. त्यामुळे मनातली भीतीसुद्धा मला माझाच आगाऊपणा वाटायची.

एके दिवशी काकूंनी माझा चेहरा पाहिला. "अच्छा, आज तू बोल." मी कसंबसं म्हटलं, हिला ऐकू येत नसावं. लगेच कुजबुज सुरू झाली, हिचं वय काय, ही बोलतेय काय. काकू वर गेल्या, परात घेऊन आल्या आणि त्यांनी ती पोरीच्या पाठीमागं फरशीवर आपटली. आम्ही सगळ्या दचकलो. पोर चमचा चोखत राहिली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्या माझ्याबरोबर होत्या. डॉक्टर त्यांनाच विचारू लागले, तर माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आईला विचारा." आज मुलगी पाच वर्षांची आहे. कानाला मशीन आहे, आणि तोंडाची टकळी थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या पोटातलं दुखणं कळलं, तेव्हा ते फार पुढे गेलेलं होतं. इथं राहून उपचार घ्यायचे की गावी जायचं, यावर घरात सगळे बोलत होते. काकूंनी मला वर बोलावलं, सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "आधी धाकटी." मी म्हटलं, जाऊ नका काकू, इथंच औषधं घ्या. आणखीही बरंच बोलले, रडत. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "चूक आहे तुझं. पण बोललीस ते बरं केलंस."

त्या गावी गेल्या. होळीच्या आधी काकांचा फोन आला, काकू गेल्या.

मुलगी विचारते, काकूआजी कधी येणार. मी आधी तिलाच विचारते, तुला काय वाटतं?

काकू, तुमचं देणं माझ्यावर आहे. हिला घेऊन एकदा तुमच्या गावी येईन. अंगणात मोठी माणसं जमतील, तेव्हा सगळ्यांच्या आधी हिला बोलू देईन. ती चुकली तरी पुरतं ऐकून घेईन.