पंगत उठल्यावर

पुतण्याच्या मुंजीत पंगत उठली, तरी समोरच्या ओळीतले एक काका बसूनच होते. पान केव्हाच स्वच्छ झालेलं. वाढप्यानं विचारलं, "काका, भात?"

"वाढ थोडासा," म्हणाले आणि तो नुसता चिवडत राहिले. आजूबाजूची माणसं हात धुवायला गेल्यावर त्यांनी तळवा जमिनीवर रोवला आणि तिसऱ्या प्रयत्नात कसेबसे उभे राहिले. तेव्हा मला तो भात कळला.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मागे जिम लावली तेव्हा फॉर्मवर 'व्यायाम कशासाठी?' यापुढे मी 'पोट कमी करणे' असं लिहिलं होतं. खांद्यावर वजन घेऊन बसायचं आणि उठायचं, ट्रेनर ओरडायचा, "सर, अजून दोन!" पोटासाठी हे तीन आठवडे जमलं. मग पोटाशी माझी तडजोड झाली. आता ती ओळ खोडून यावंसं वाटतं. पण तिथे लिहू काय? चारचौघांत जमिनीवरून उठता यावं, एवढंच?

उद्या सकाळी जिमला जातोच. कारण काकांना उठताना मी पाहिलं, ते मीही अजून पानावरच होतो म्हणून. भात मीही मागून घेतला होता.