नाना मोठ्याने मोजायचे

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा जळगावच्या माझ्या ड्रम क्लासमध्ये मुलं हसत होती. कुणीतरी नानांच्या मोजण्याची नक्कल करत होतं... "वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ", मान डोलवत, 'अँड'वर उगाच जोर देऊन. खोटं कशाला सांगू, मीही हसत होतो. नानांचा मुलगा धुळ्याहून एवढंच म्हणाला, "सर, नाना गेले. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागी गेले." मी मुलांना घरी पाठवलं. कारण सांगितलं नाही.

नानांचा धुळ्याला फोटो स्टुडिओ होता. तो मुलाच्या हवाली केल्यावर सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना ड्रम शिकायची हुक्की आली, आणि दर रविवारी ते एसटीने माझ्याकडे यायला लागले. वयाने मी त्यांच्या मुलाएवढा, तरी मला 'सर' म्हणायचे आणि मला ते आवडायचं. क्लासच्या बोर्डासाठी माझा फोटो त्यांनीच काढला. "सर, स्टिका अशा छातीजवळ धरा... अजून जरा वर. हां." फोटो झकास आला. रात्री शर्ट काढताना लक्षात आलं, छातीवरचं बटण तुटलेलं होतं. नाना त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते.

आता लाज वाटते ते सांगतो. मी ऑर्केस्ट्रात घडलेला माणूस. गाणं एकदा कानावर पडलं की हातात उतरतं, पण कागदावरचं वाचणं मला कधी जमलंच नाही. पालकांना परीक्षा हव्या होत्या, सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून पुस्तकं आणली आणि सोपी पानं कशीबशी रेटली. पण सिक्स्टीन्थ नोट्स आल्या की माझी पाटी कोरी. एका मात्रेचे चार तुकडे, त्यातला कुठला वाजवायचा, कुठला गाळायचा, मध्येच थांबायची खूण... पोरांना मात्र मी दटावायचो, "मोजा! मोजल्याशिवाय येणार नाही."

एका रविवारी राधा नावाच्या मुलीने नवीन पान पुढे केलं. "सर, एकदा वाजवून दाखवा ना." मी स्टूल पुढेमागे केलं, स्क्रू आवळला, पाणी प्यायलो. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून नाना मोठ्याने मोजायला लागले. वन-ई-अँड-अ, मात्रेची चारही अक्षरं म्हणायचे. वाजवायच्या जागी आवाज चढायचा, गाळायच्या जागी नुसतं पुटपुटणं. माझ्या कानाला तेवढं पुरलं. अख्खी ओळ मी झोकात वाजवली. टाळ्या मला पडल्या आणि पोरं हसली नानांना. मग तो रिवाजच झाला. नवीन पान निघालं की नाना मोजणार, पोरं खिदळणार, मी वाजवणार. एकदा तर मीच सगळ्यांसमोर म्हणालो, "नाना, मनात मोजा की. एवढीशी पोरं मनात मोजतात."

नाना खाली बघून हसले. "मन्हं डोकं आते म्हातारं व्हयनं, सर. मोठ्याने म्हनं तव्हयच समजस."

मला ते खरं वाटलं. खरं मानून घेणं सोयीचं होतं.

पंधरवड्याने धुळ्याला भेटायला गेलो. त्यांच्या माडीवरच्या खोलीत खिडकीशी सरावाचं रबरी पॅड होतं, समोर स्टँडवर पान तसंच उघडं. काकूंनी पाणी आणलं. पॅडकडे बघत मी म्हणालो, "नानांच्या मोजण्याने तुम्हाला कधी दुपारची झोप मिळाली नसेल."

काकूंना कळेना. "कसानं मोजनं? घरमा तुमना नाना कधी मोजेत नही. कागद देखेत आन् सरळ वाजाडेत. व्हट बी नही हालेत." मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सरना हात भारी शे, आसं बठ्ठा लोकस्ले सांगेत."

मी ग्लास तसाच खाली ठेवला. माझं पितळ नानांना पहिल्यापासून माहीत होतं. ते उघडं पडू नये म्हणून एवढा मोठा माणूस माझ्या क्लासमध्ये रविवारमागून रविवार लहान पोरांच्या हसण्याचा विषय झाला, आणि त्या हसण्यात मी सामील होतो. काकूंकडे मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. जिना उतरताना ते तुटलेलं बटण आठवलं... इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी राधाने पुन्हा नवीन पान काढलं. "सर, वाजवून दाखवा ना." बोर्डावरच्या फोटोत मी स्टिका छातीशी धरून ऐटीत उभा होतो. नानांची खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, "मला हे वाचता येत नाही. नाना मोजायचे म्हणून मी वाजवायचो." मी पान उचललं, मागे जाऊन नानांच्या खुर्चीत बसलो आणि नोटांवर बोट ठेवून मोजायला लागलो. दुसऱ्याच मात्रेला चुकलो. पोरं हसली.

राधा जवळ आली. "सर, मनात मोजा की," ती हळूच म्हणाली.

"नाही येत गं," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने मोजायला लागलो.