शकूताईंची भिंत

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही, आधी राग आला. माझ्या या नणंदेला आजारानं नेलं असं सगळे म्हणतात. मी म्हणते, शेजाऱ्याच्या मातीनं नेलं. महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ताई तेलीबांधा तलावाकडच्या घरात एकट्याच राहायच्या. मागे मोगऱ्याचे वाफे होते. शेजारच्या साहेबांनी बंगला बांधताना आपला प्लॉट माती टाकून कमरेएवढा उंच भरून घेतला आणि पावसात ती माती ताईंच्या वाफ्यांवर उतरू लागली. ताई सांगायला गेल्या तर साहेब नुसते हसले. त्याच चिखलात ताई घसरल्या, खुबा मोडला... आणि हे गृहस्थ पाराभर, सगळ्या मोहल्ल्यात, सांगत फिरले की चिखल दीदींच्याच नळाचा होता.

हिवाळ्यात काठी टेकत उभं राहता येऊ लागलं तशी ताईंनी मिस्त्री बोलावला. बागेची अवजारं ठेवायला शेड हवी, शेडला ओटा हवा, आणि ओट्याआधी माती अडवणारी भिंत हवी. मला म्हणाल्या, "वहिनी, मले तिथंच खुर्ची टाकून दे. आता त्याची माती कशी येते ते पाहू दे." काळी माती उपसली, मुरूम भरून धुमसानं ठोकला, वर गिट्टी आणि काँक्रीट. ओटा झाल्यावर ताईंनी त्यावर गोटी ठेवून पाहिली. ती हलली नाही.

पलीकडचं पाणी निघून जावं म्हणून मिस्त्रीनं भिंतीत पाइपाचे तुकडे बसवले होते, नाहीतर भिंत फुगते. ताई मान डोलावत हव हव म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी मोडक्या खाटेच्या पायांचे गुट्टे करवून घेतले आणि चिंध्या गुंडाळून पाइपांत ठोकले. पावसाळ्यात पलीकडे पाणी तुंबून साहेबांची लाडकी हिरवळ कुजू लागली. ते विनवायला आले तेव्हा ताईंनी एकच अट घातली, चारचौघांत सांगा की माती माझी होती. ते काही सांगेनात. भिंतीच्या काळजीनं ताई मधूनमधून गुट्टे काढायच्या आणि पुन्हा ठोकायच्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शोकसभेत साहेब हार घेऊन आले, "हमारी दीदी" म्हणत डोळे पुसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शेडची किल्ली आता माझ्याकडे आहे. परवा संध्याकाळी पाऊस झोडपत होता, मी शेडमध्ये ताईंच्या खुर्चीत बसले होते. गुट्टे पक्के ठोकलेले होते. साहेब छत्री घेऊन भिंतीपाशी आले.

"भाभीजी, अब तो खोल दीजिए."

मी विचारलं, मिट्टी किसकी थी?

ते खाली बघत पुटपुटले, "हमारी थी."

"ज़ोर से कहिए," मी म्हटलं, "दीदी को कम सुनाई देता था."

त्यांनी आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहिलं आणि छत्री तोंडावर ओढून घेतली. मी हातोडी उचलली आणि गुट्ट्यावर आणखी एक घाव घातला.