ऑपरेशनच्या आधीची उपकारस्तुती

माझे वडील रंगारी होते. नव्वदच्या दशकात नाशिकच्या इंदिरानगरात नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांतल्या कितीतरी भिंती त्यांनी परांचीवर उभं राहून रंगवल्या. माझी दहावी गावाकडे, वणीत झाली. पुढे माझ्या कॉलेजसाठी आई आणि मी नाशिकला त्यांच्याकडे दोन खोल्यांत राहायला आलो. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती कोणाच्या कष्टांवर मिळाली हे मला रोज आठवतं.

मी एस.वाय.ला असताना कामावर पत्र्याचा तुकडा वडिलांच्या उजव्या पायात घुसला. त्यांना साखरेचा आजार होता. त्यांनी जखमेत हळद भरली, फडकं बांधलं आणि आमच्यापासून लपवून दोन आठवडे कामावर जात राहिले. आम्हाला कळलं तेव्हा बोटं काळी पडली होती. शनिवारी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सोमवारी गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, नाहीतर जीव वाचणार नाही. वडील म्हणाले, "नाय."

घरी आल्यावर आईनं कारण विचारलं. तिला वाटलं, कामाची काळजी असेल.

"कामाचं बघू," ते म्हणाले. "पण मी मेलो की मला अर्धाच पुरणार. शेवटल्या दिवशी प्रभू हाक मारील, तवा एका पायावर उठू का मी?"

ते अगदी मनापासून विचारत होते. मेलेले उठतील असं आम्ही दर रविवारी चर्चमध्ये म्हणायचो, पण कसे उठतील याचा विचार मी कधी केला नव्हता.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेआधी पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, चिठ्ठी द्यायची पद्धत होती. संकट असेल तर 'विनंती' लिहायची, संकट टळलं की 'उपकारस्तुती'. उपकारस्तुती असली की संध्याकाळी त्या घरी सभा भरते, चहा होतो, आणि ज्याच्यासाठी सभा त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आईला लिहिता येत नसे, म्हणून चिठ्ठी मीच लिहायची.

"उपकारस्तुती लिही," रविवारी सकाळी ती म्हणाली.

"आई, अजून काहीच झालेलं नाही. विनंती लिहू या."

"विनंती करून रात्र गेली माझी. तो उद्या जे देणार हाय त्याचे आभार आज मानते. तू लिही."

मी लिहिलं. पाळकांनी ती चिठ्ठी नेहमीसारखी वाचली आणि पदरचं एक वाक्य जोडलं, की आपल्या रंगारी बंधूंचा पाय बरा झाला आहे. मी बाकावरून उठून चूक सांगायला हवी होती. मंडळीसमोर आईला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसले.

संध्याकाळी वीसेक माणसं केळी, बिस्किटं घेऊन आली. पायामुळे वडील सकाळी उपासनेला आले नव्हते; पहिल्या पाहुण्यानं अभिनंदन केलं तेव्हा त्यांना सभेचं कारण कळलं. त्यांनी आईकडे बघितलं. ती चहा टाकायला आत निघून गेली.

मंडळीत एक निवृत्त नर्स होत्या. त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत.

"काय पेंटर, बरा झालेला पाय चादरीखाली का? दृष्ट लागते का त्याला?" असं म्हणत त्यांनी चादर सारली आणि थांबल्या. "हा बरा झालाय?"

मी म्हटलं, "चिठ्ठी मी लिहिली. ऑपरेशन उद्या आहे. बाबा नाही म्हणताहेत."

मग वडिलांनीच सगळ्यांना कारण सांगितलं. सिस्टरबाई खाटेवर टेकल्या.

"तुमचे चार दात पडलेत ना? त्यांना शवपेटी केली होती का?"

मागे कोणीतरी हसलं. वडीलही हसले. "दातांचं सोडा, बाई."

"का सोडू? आयुष्य वॉर्डात गेलं माझं. लोकांचे हातपाय या हातांनी उचललेत मी. ज्यानं मातीतून अख्खा माणूस केला, त्याला एक पाय करणं जड जाईल होय?"

वडील पाळकांकडे वळले. "पाळकसाहेब, प्रभू कबरेतून उठला, तवा त्याच्या जखमा भरलेल्या होत्या का?"

"नाही. शिष्यांना त्यानं त्या दाखवल्या."

"म्हंजे जखमांसकट उठला."

"जखमांसकट."

वडिलांनी माझ्यापुढे हात केला. "मला उभं कर."

माझ्या खांद्यावर भार टाकून ते उभे राहिले. "माझा पाय बरा झालेला नाय. उद्या कापणार हायेत. कालपासून मी नाय म्हणत होतो, कारण मला लय भ्या वाटत होतं. आत्ताबी वाटतंय. पण मी जाणार. एवढीच साक्ष."

आई दारात कपांचं ताट धरून उभी होती. पाळकांनी गीत सुरू केलं. ते संपेपर्यंत वडील बसले नाहीत.

सोमवारी संमतीचा कागद इंग्रजीत होता. मी त्यांना एकेक ओळ मराठीत सांगितली, जिवाला धोका आहे ती ओळसुद्धा. डॉक्टरांनी पेन माझ्यापुढे धरलं. वडिलांनी ते घेतलं. "पाय माझा हाय, सही मीच करणार," म्हणाले, आणि सावकाश एकेक अक्षर काढत सही केली.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर ड्रेसिंगला आले. मी तोंड फिरवलं. वडिलांनी उशीवरून मान उचलून पट्टी सुटताना शेवटपर्यंत पाहिलं.

"बरं," ते डॉक्टरांना म्हणाले. "आता ह्याच्यावर उभं कसं राहायचं, ते सांगा."